पिशवीतली पिशवी

धाकट्या भावाची, कल्याणची मोटारसायकल गल्लीत वळताना आमोसला खिडकीतून दिसली. चर्चमधला हंगामाच्या सणाचा लिलाव म्हणजे दुपार कलली तरी माणूस जागचा हलत नाही, आणि हे दोघं भर लिलावातून घरी. पुढं कल्याण, मागं बाबा. परतीचा पाऊस सकाळपासून श्रीरामपूरला झोडपत होता, आणि म्हातारा छत्री न उघडता काखेत मारून बसलेला. पांढरा शर्ट अंगाला चिकटला होता. सॅमसन बाबा चर्चच्या मंडळीचे पंच. अंगात ताप असला तरी उपासना अर्धी टाकून येणारा माणूस नव्हे.

आमोस आईच्या खाटेपाशी बसला होता. स्वयंपाक करणारं माणूस सोडून सणाला आणखी एक जण सतत आईजवळ राहणं भागच होतं. तिच्या, मरियाबाईंच्या, नाकाला लावलेलं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालायचं आणि अशा पावसात वीज कधी दगा देईल सांगता येत नाही. 'मी थांबतो' असं आमोस आपण होऊन म्हणाला होता. रूथला वाटलं, काय माया आहे नवऱ्याची आईवर. माया होतीच हो. पण बायकोशेजारी बसून तिची साक्ष, देवानं घराला कसं सांभाळलं ते, ऐकायची छाती त्याला नव्हती, हेही तितकंच खरं.

कल्याण चप्पल काढायचं विसरून आत आला.

"दादा, पाकीट फोडलं."

"कुठलं?"

"खारीचं. वहिनीनं लिलावाला नेलेलं."

आतून अश्विनी, कल्याणची बायको, पळी हातात घेऊन बाहेर आली. सणाचं मटण शिजत होतं. ती काही विचारणार तोच तिला बाबांचं तोंड दिसलं आणि ती दाराशीच थबकली.

"नीट सांग," आमोस म्हणाला.

कल्याणनं सांगितलं. सणाला जो तो आपल्या कष्टाचं पहिलं फळ घेऊन येतो. कुणी उसाची मोळी, कुणी कोंबडी, कुणी कापसाची पाटी, आणि या बेकरीवाल्या घराची दरवर्षी खारी. वेदीपुढं ठेवायचं, प्रार्थना झाली की आवारात लिलाव. पण यंदा लिलावाच्या आधी पाळकसाहेबांनी रूथला साक्ष द्यायला उभं केलं. तिनंही छान सांगितलं. सासूचं आजारपण सांगितलं, घरात प्लॅस्टिक येऊ द्यायचं नाही असं आम्ही ठरवलं ते सांगितलं, पावसाळ्यात वाटलं आता धंदा बसणार, पण प्रभूनं सांभाळलं आणि अख्ख्या पावसाळ्यात आमची कागदातली खारी सादळली नाही, असं सांगितलं. बायका डोळे पुसत होत्या. मग लिलाव सुरू झाला. पाळकीणबाईंनी मुद्दाम चढी बोली लावून ते पाकीट घेतलं आणि म्हणाल्या, सगळ्यांनी तुकडा तुकडा आशीर्वाद म्हणून खाऊ या. स्टेपलची पीन काढली, हात घातला, आणि कागदाच्या आतून प्लॅस्टिकची पिशवी बाहेर आली.

"मग?"

"मग काय? मागून कुणीतरी हसलं. बाबा उठलेच. मी त्यांच्यामागं धावलो."

"आणि रूथ?"

"वहिनी तिथंच होती."

"तिला एकटीला सोडून आलास?"

कल्याणनं मान खाली घातली. खरं तर हे विचारायचं तोंड आमोसला कुठं होतं? तरी माणूस विचारतोच.

हे सगळं सुरू झालं ते मागच्या नाताळानंतर, आईला नगरला मोठ्या डॉक्टरांकडं नेलं तेव्हा. डॉक्टरांनी विचारलं, बाई, चुलीवर काम करता का? आईनं मोठ्या कौतुकानं सांगितलं, "चुलीवर न्हाई सायेब, भट्टीवर. बेकरीची भट्टी पहाटं मीच पेटवते. लाकूड वलं असलं तरी माझं कधी अडत न्हाई. फाटक्या प्लाष्टिकच्या पिशव्या असत्यात, वाकड्या छापलेल्या असत्यात, त्या दोन-चार सारल्या का भस्सकन धरतंय." डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. अमुक एका गोष्टीनंच झालं असं ते म्हणाले नाहीत. इतक्या वर्षांचा धूर आहे, एवढंच म्हणाले. पण रूथ तिथं उभी होती आणि तिनं काय ऐकायचं ते ऐकलं.

ती भांडली नाही की रडली नाही. घरी आल्यावर तिनं पिशव्यांचे गठ्ठे भंगारवाल्याला देऊन टाकले. नाताळात अख्खी मंडळी आपापल्या डब्यातून मैदा, तूप, साखर घेऊन आपल्या भट्टीवर नानकटाई भाजायला येते आणि त्याच डब्यातून घरी नेते, तेव्हा कुणाला पिशवी लागत नाही, मग बाकीचं वर्षभर का लागावी, हे तिचं म्हणणं. आता त्याला काय उत्तर देणार? महिला मंडळाच्या बायका संध्याकाळी ओट्यावर बसून कागदी पिशव्या चिकटवायला लागल्या. आतून बटर पेपर, बाहेरून जाड कागद, वर शिक्का: 'आमच्या बेकरीत प्लॅस्टिक नाही.' उन्हाळाभर झकास चाललं. रूथ शाळेत शिकवून आली की आधी बेकरीत डोकवायची, मग घरात. आजारी माणसाच्या घरात एवढं हसू आमोसनं पूर्वी पाहिलं नव्हतं.

पावसाळा लागला आणि खारी सादळायला लागली. राहुरीच्या बन्सीशेठनं मालाचे क्रेट जसेच्या तसे परत पाठवले आणि वर फोन केला, "आमोस, खारी पाठवलीस का शिळी चपाती?" दुसऱ्या दुकानदारानं फोनसुद्धा केला नाही, सरळ दुसरीकडून माल घ्यायला लागला. तेव्हापासून कागदाच्या पिशवीत एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी जायला लागली. रूथ दिवसा शाळेत असायची तेव्हाच पॅकिंग व्हायचं. वरून बटर पेपरची घडी, त्यावर स्टेपलरची पीन, कुणाला कळायचं काम नाही. कल्पना आमोसची नव्हती, पण पिशव्या गुपचूप आणल्या त्यानंच, आणि घरात ठाऊक सगळ्यांना होतं. एका रूथला सोडून. बेकरीवाल्याच्या घरचं माणूस खारी खातं ते ट्रेमधून उचलून. आपल्याच मालाचं पाकीट फोडून कोण खातंय?

"पण मी सणासाठी वेगळी काढून ठेवली होती," आमोस म्हणाला. "वरच्या फळीवर. नुसत्या कागदातली. तिला सांगितलं होतं, वरची ने म्हणून."

"त्यांनी वरची बघितली ना," अश्विनी दारातून हळूच म्हणाली. "सकाळी मी तिथंच होते. एकेक पाकीट दाबून बघत होत्या. वरची मऊ लागली. म्हणाल्या, देवापुढं मऊ खारी कशी न्यायची? मग खालच्या फळीवरचं एक घेतलं. कुरकुरीत."

"तू बोलली का नाहीस?"

"काय बोलू, भाऊजी? खालची नेऊ नका, त्यात प्लॅस्टिक आहे, असं?"

बाबा ओल्या शर्टानंच खुर्चीत बसले होते. अश्विनीनं टॉवेल आणून दिला तो त्यांनी मांडीवर ठेवून दिला.

"आता आयका," बाबा म्हणाले. "संध्याकाळी महिला मंडळाची सभा हाय. त्या बाया तिला इचारनार. तिनं जर तिथं सांगितलं का नवऱ्यानं फशिवलं, सासऱ्याला ठाव हुतं, समद्या घरानं मिळून देवाच्या वेदीपुढं खोटं बोलायला लावलं, तर नाताळाला आपल्या दारात एक डबा येनार न्हाई. पंचाचं घर म्हणून लोक इत्के वर्स येत्यात. तिला सभेला जाऊ द्यायचं न्हाई."

"बाबा, तिला अडवायचं कसं?"

"तू नवरा हायस ना तिचा?"

"म्हणून तर म्हणतोय."

कल्याण मध्ये पडला. "दादा, मी एक सांगू? पॅकिंगला बाई ठेवली होती, तिनं चुकून घातली, असं म्हणू. नाहीतरी वहिनी पॅकिंग बघत नाही."

"कुठली बाई?"

"असेल कुणीतरी. गेली काम सोडून."

"गप बस," अश्विनी नवऱ्याला म्हणाली. "पॅकिंग मी करते हे अख्ख्या मंडळाला माहितीये. बाई म्हणजे मीच की." एरवी ती कल्याणच्या शब्दाबाहेर नसायची. आज ती पळी घेऊन आत गेली ती कुणाकडं न बघता. मग आतून म्हणाली, "मला वाटतं ताईंनी खरं काय ते सांगावं. माझं नाव आलं तर येऊ दे."

"तुझं एकटीचं येनार न्हाई ना, बाई," बाबा म्हणाले.

आई खाटेवर डोळे मिटून पडली होती. जागी होती. मशीनचा आवाज चालू होता आणि तिची बोटं पांघरुणाची कड चाळवत होती.

रूथ आली ती चालत. रिक्षा मिळाली नसेल किंवा केली नसेल. साडीचा काठ गुडघ्यापर्यंत चिखलानं भरला होता. तिनं दारात पाय धुतले, पदर पिळला आणि नेहमीप्रमाणं आधी खाटेपाशी गेली.

"आई, औषध घेतलं का?"

"घेतलं, पोरी."

मग ती आमोसकडं वळली. आमोसला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, निदान त्याला खाली मान घालून ऐकून तरी घेता आलं असतं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"बन्सीशेठचा माल परत आला तेव्हापासून."

"सगळ्या पाकिटांत?"

"हो."

"आणि मी रोज विचारायचे, आज काही परत आलं का. तुम्ही म्हणायचा, नाही, एकसुद्धा नाही. मी अंथरुणावर पडले की देवाचे आभार मानायचे. तुमच्या शेजारी पडून. तुम्ही ऐकायचा."

"रूथ, धंदा बसला असता."

"मला सांगायचं होतं. मी काय बेकरी बंद पाडायला बसले होते? आपण पावसाळ्यापुरती खारी बंद केली असती, टोस्ट केले असते, दुकानदारांना डबे दिले असते. काहीतरी केलं असतं. नाहीच जमलं तर मीच म्हणाले असते, आणा पिशव्या. पण मला सांगून."

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि आता काय वाटतंय?"

नेमकं त्याच वेळी बाबांनी खाकरून घसा मोकळा केला. पंच माणूस, मंडळीची भांडणं मिटवायची सवय.

"सूनबाई, झालं ते झालं. चूक झाली, मी मान्य करतो. पर संध्याकाळच्याला सभेला जाऊ नगं. अंगात कसर हाय म्हणून निरोप धाडू. दोन-चार रविवार गेले का लोक इसरत्यात. घरातली गोष्ट घरात ऱ्हाऊ दे."

"घरातली कुठं राहिली, बाबा? वेदीपुढं उभी राहून बोलले मी. माझ्या तोंडून खोटी साक्ष गेली."

"तुला ठाव नव्हतं. देवाला ठाव हाय."

"देवाला तुमचंही ठाऊक आहे."

बाबांच्या समोर असं आजवर कुणी बोललं नव्हतं. कल्याण उठून उभा राहिला. "वहिनी, जरा सांभाळून बोला," तो म्हणाला, आणि अश्विनीनं आतून "तुम्ही बसा खाली" म्हटलं तसा परत बसला.

"पिशव्या मी घालायला लावल्या."

आवाज खाटेवरून आला. सगळ्यांनी तिकडं पाहिलं. आई कोपरावर उठायची धडपड करत होती. आमोस पाठीमागं उशी द्यायला धावला, तर तिनं हातानं त्याला बाजूला केलं.

"त्याला बोलू नगं. त्याचं डोकं न्हाई ते. मी सांगितलं त्याला, आतून पातळ पिशवी घाल म्हनलं, वरून कागद ऱ्हाऊ दे. पिशव्या घालत कोन हुतं? मीच. तू साळंत गेली का अश्विनी गठ्ठा आनून द्यायची, मी हितं बसून एकेका कागदात सारायची. तू यायच्या आत समदं उचलून ठिवायचं."

रूथ खाटेच्या कडेवर बसली.

"तुम्ही, आई? मी तर हे तुमच्यासाठी…"

"तेच तर." आईला धाप लागली. थांबून, श्वास भरून ती पुन्हा बोलली. "माझ्यासाठी करतीस, हे मला कळत न्हाई का? डाक्टरनं सांगितल्यापास्नं या घरात समदे माझ्याकडं बघायचे ते मी गेल्यावानी. ह्यो आमोस तर माझ्याकडं बघायचाच न्हाई. तू येकटी हसत यायची. आई, आज येवढी पाकिटं गेली. आई, त्या बायांनी आज येवढ्या पिशव्या केल्या. मला वाटायचं, माझ्या दुखन्यातून कायतरी बरं निघालं. मग ती खारी सादळाया लागली. तुझं तोंड उतरलं. मी म्हनलं, न्हाई बाई, हे मला बघवनार न्हाई. आनि बेकरी बुडाली असती तर लोक काय म्हनले असते? मरियाच्या दुखन्यापायी बुडाली. मला ते डोक्यावर घेऊन जायाचं नव्हतं."

"आई, पण तुम्ही तीच पिशवी हातात घेऊन…"

"पिशवीनं मला काय करायचं ते करून झालंय आता," आई म्हणाली. "संध्याकाळी मला रिक्षात घाला. मी येते सभेला. मी सांगते, माझं काम हाय."

"खुळी का काय तू," बाबा म्हणाले. "हितनं दारापर्यंत चालवत न्हाई तुला."

"टाकी घ्या संगं. छोटी."

आमोसला हे सहन होईना. आई मंडळीपुढं नळी लावून उभी राहणार आणि धापा टाकत सांगणार, माझ्या पोराचा काही दोष नाही. आणि तो पोरगा कुठं असणार? बाहेर रिक्षापाशी. तो एकदम म्हणाला, "कुणी जायचं नाही. मी जातो. मी सांगतो सगळं. मी आणल्या पिशव्या, मी फसवलं. नाताळाला डबे नाही आले तर नाही आले."

हे म्हणून झाल्यावर त्याला जरा बरं वाटलं. बरेच महिने वाटलं नव्हतं इतकं. त्यानं रूथकडं पाहिलं. ती त्याच्याकडं बघत होती, पण जसं स्टँडवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडं बघावं तसं.

"तुम्हीही जाऊ नका," ती म्हणाली. "कुणीच जायचं नाही. सभेत विचारण्यासारखं आता काही राहिलेलं नाही."

"म्हंजी?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही गेलात ना उठून, त्यानंतर पाळकीणबाई माझ्याजवळ आल्या. पिशवी त्यांच्या हातातच होती. सगळ्यांसमोर विचारलं, पण प्रेमानं विचारलं, की रूथ, तुला हे ठाऊक होतं का गं?"

रूथनं पदराचं टोक पुन्हा पिळलं.

"मी हो म्हणाले."

"काय?"

"हो म्हणाले. मीच घातली म्हणाले. पावसात सादळायला लागली म्हणून मीच पिशव्या घालायला लागले, आणि आज साक्ष देताना खोटं बोलले."

आमोस खाटेजवळून पुढं आला. "का? तुला तर ठाऊकच नव्हतं. तू नाही म्हणायचंस."

"नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न काय आला असता? मग घातली कुणी? तिथं उभी राहून मी कुणाचं नाव घ्यायचं होतं? मागं वळून बघितलं तर बाबांची खुर्ची रिकामी, भाऊजींची रिकामी. तुम्ही तर आलाच नव्हता." ती हे रागावून बोलली नाही. "मला एवढंच कळलं की तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. मग एकीनंच खोटं ठरलेलं बरं, अख्खं घर ठरण्यापेक्षा."

"मंग ते काय म्हनले?" बाबांचा आवाज बारीक झाला होता.

"पाळकसाहेबांनी प्रार्थना केली माझ्यासाठी. क्षमेची. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मग म्हणाले, तुझी रविवारच्या शाळेची मुलं काही दिवस दुसऱ्या कुणाकडं देऊ, तू जरा विसावा घे. आणि बायका म्हणाल्या, आता पिशव्या चिकटवायला येणार नाही. ते बरोबरच आहे. त्यांनी कशाला यावं?" तिनं साडीच्या काठावरचा वाळत आलेला चिखल नखानं काढला. "निघताना एकीनंसुद्धा निरोपाचा सलाम केला नाही. नाताळाला डबे येतील, बाबा. लोक म्हणतील, पंच बिचारा चांगला, सून तशी निघाली."

बाबांनी इतका वेळ मांडीवर पडलेला टॉवेल उचलला आणि तोंडाला लावला. 'बरं केलंस' असं ते म्हणाले नाहीत. पण 'आत्ता जाऊन मी खरं सांगतो' असंही म्हणाले नाहीत. आमोस वाट बघत होता की कुणीतरी म्हणेल. कल्याण चपलेशी चाळा करत होता. आमोसला आपणच म्हणावं असं वाटलं, आणि तेवढ्यात अश्विनीनं येऊन विचारलं, "ताटं करू का?" मग ते राहूनच गेलं.

जेवण कुणाला गोड लागलं नाही. आईनं तर घासही घेतला नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

जेवणं आटोपल्यावर आमोस बेकरीत गेला. उद्याचा राहुरीचा माल भरायचा होता. परत आला तेव्हा रूथ आईच्या खाटेवर, आईच्या पायाशी मांडी घालून बसलेली. तिच्या एका बाजूला कागदी पिशव्यांची चळत होती आणि मांडीवर पातळ पिशव्यांचा गठ्ठा. अश्विनीनं आणून दिला असावा, किंवा आता लपवायचं काय म्हणून तिनंच मागितला असावा.

"असू दे रूथ," तो म्हणाला. "मी करतो."

"शिक्का मारू नका फक्त यापुढं," ती म्हणाली. "बाकी चालू द्या."

तिनं गठ्ठ्यातली एक पिशवी ओढली आणि उघडायला गेली. कोरी पिशवी दोन्ही बाजूंनी घट्ट चिकटलेली असते. तिला सवय नव्हती. तिनं टोक चोळलं, उलटी केली, पुन्हा चोळलं. जमेना.

"आई," ती म्हणाली, "ही उघडत नाही. कशी उघडायची?"

भिंतीकडं तोंड केलेली आई हळूहळू या कुशीवर वळली, पांघरुणातून हात बाहेर काढला आणि रूथच्या हातातली पिशवी घेतली.

"बोट जिभेला लाव," ती म्हणाली. "आनि हितनं धर."